रोगाआधीच बरी झालेली माणसं

"मॅडम, लाइट गेली," आमच्या विभागाचा शिपाई दारातून म्हणाला.

खोलीत अंधार झाला होता, पंखा थांबला होता, कॉम्प्युटर काळा पडला होता. मॅडम त्या अंधारातूनच म्हणाल्या, "कशावरनं?"

शिपायानं भिंतीवरचं बटण दोनदा खटखट केलं. "म्हंजे... ट्यूब बंद पडली न्हवं."

"ट्यूब गेली असंल. पंखा जळला असंल. दोन्ही एकदम जाणं अवघड हाय, पण जातच न्हाईत असं न्हाय. शेजारच्या विभागात बघून आलास?"

तो बघून आला. शेजारी अंधार, जिन्यात अंधार. मग कुठं मॅडमना लाइट गेल्याचं पटलं, आणि पटल्याबरोबर त्या पदर खोचून कोपऱ्यातल्या डीप फ्रीजरकडं अशा धावल्या की वाटेतलं स्टूल मी ओढून घेतलं म्हणून बरं.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात नव्यानं शिकवायला लागले होते. साथ कशी पसरते, किती जणांना गाठते, हे शिकवणारा आमचा विभाग, आणि मॅडम त्याच्या प्रमुख. बुटक्या, काटक. अंगावर सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मोपेडवरून यायच्या आणि डोक्यात काही चाललेलं असलं की हेल्मेट काढायचं विसरून थेट वर्गात शिरायच्या. एकदा मागच्या बाकावरचा एकजण हसला. मॅडमनी हेल्मेटवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "वर्गात डोकं फुटायची शक्यता कमी हाय. पण शून्य न्हाय." आणि मग त्या दिवसाचा सगळा तास त्यांनी त्याच विषयावर घेतला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

बोलणं अस्सल कोल्हापुरी. "मी येतो", "मी सांगतो", "मी जेवलो" असं इथल्या बायका बोलतात तसंच बोलायच्या. पुण्याहून आलेल्या विद्यार्थिनी सुरुवातीला दचकायच्या आणि पहिलं वर्ष संपेपर्यंत स्वतःच "मॅम, मी जातो" म्हणायला लागायच्या. माणसांची नावं मात्र मॅडमच्या लक्षात राहत नसत. त्या तालुक्यावरून हाक मारायच्या. शिपाई कागल, ग्रंथपाल गडहिंग्लज, आणि मी चंदगड. माझ्या लग्नाची पत्रिका हातात दिली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "ही मुलगी कोण?"

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही एक परीक्षाच होती. एकदा शाहूपुरीत गूळ घ्यायला गेलो. दुकानदारानं ढेपेच्या कडेचा खडा काढून हातावर ठेवला. मॅडमनी तो तसाच परत केला.

"मधला द्या."

"मॅडम, सगळी ढेप एकच हाय की."

"मग मधला द्यायला तुमची काय हरकत?"

त्यानं ढेप फोडून मधला दिला. मॅडमनी तो चाखला आणि मागच्या रांगेतल्या ढेपेकडं बोट दाखवलं. मग त्याच्याही मागच्या. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "घेऊ नका गूळ, मॅडम. पण बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर शिकवू नका."

आता त्या फ्रीजरचं सांगते. काही वर्षांपूर्वी डेंग्यूच्या पाहणीसाठी विभागानं गावोगावच्या लोकांचं रक्त घेतलं होतं. त्यातलं उरलेलं सीरम, म्हणजे रक्त निवळल्यावर वर राहतो तो पिवळसर पातळ भाग, मॅडमनी बारक्या नळ्यांत भरून गोठवून ठेवलं होतं. पाहणी संपली, अहवाल गेला, नळ्या तशाच. दरवर्षी स्टोअरवाले यायचे आणि हे सगळं टाकून द्या म्हणायचे. "टाकून कसं द्यायचं? माणसं हायत त्यात," मॅडम म्हणायच्या. लाइट जास्त वेळ गेली तर बर्फाच्या कारखान्यातून मोपेडवर लादी घालून आणायच्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं आम्ही त्या फ्रीजरला मॅडमचं सासर म्हणायचो. अर्थात त्यांच्या माघारी.

आणि मग तो विषाणू आला.

पहिल्या लाटेचे ते महिने कुणाला नव्यानं सांगायला नकोत. मॅडम स्वतः आजारी पडून दवाखान्यात राहून आल्या. चव गेली तेव्हा त्यांनी नर्सकडून मिरचीचा ठेचा मागवला होता. खरंच गेली का, हे बघायला.

लाट ओसरायला लागली तसं शहरात एक नवीन वेड आलं, अँटीबॉडीचं. रोग होऊन गेला की शरीर त्याच्याशी लढणारी द्रव्यं तयार करतं, आणि ती काही काळ रक्तात सापडतात. बोटाला सुई टोचायची, प्लास्टिकच्या छोट्या किटवर थेंब टाकायचा, ठरलेल्या जागी रेघ उमटली की तुम्हाला न कळत रोग होऊन गेला असं समजायचं. रेघ आलेला माणूस पेढे वाटायचा. न आलेला नापास झाल्यासारखा मान खाली घालून घरी जायचा. चहाच्या गाड्यावर लोक एकमेकांना विचारायचे, "माझ्या बॉडीत अँटी हाय. तुझ्या?"

राजारामपुरीत एका मंडळानं मोफत तपासणीचं शिबिर भरवलं होतं. मॅडम मला घेऊन गेल्या. तपासून घ्यायला नव्हे, रांगेतल्या माणसांना छळायला.

"का आलाय तुम्ही?" त्यांनी पहिल्याला विचारलं.

"मागं दोन दिवस ताप आलता. म्हटलं बघावं."

"आणि तुम्ही?"

"आमच्या घरात दोघांना झालता."

"तुम्ही?"

"माझा वास गेलता की, मॅडम!"

अर्धी रांग विचारून झाल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. "बघितलंस, चंदगड? ज्याला शंका हाय तोच आलाय. घरात ठणठणीत बसलेला कशाला येतोय इथं? आणि उद्या ह्याच रांगेवरनं सांगतील, अर्ध्या शहराला होऊन गेला म्हणून."

आणि अगदी तसंच झालं. पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, की निम्मं शहर बरं होऊन बसलंय. लग्नांसाठी कार्यालयांच्या तारखा धरल्या जायला लागल्या, लोकांचे मास्क हनुवटीवर आले.

त्याच सुमाराला आरोग्य खात्यातल्या वरच्या साहेबांनी आमच्या विभागाला रीतसर पाहणी करायला सांगितलं. जिल्ह्यात रोग खरा किती पसरलाय, ते शोधायचं. किटची खोकी आली. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'अत्यंत अचूक' असं छापलेलं. मॅडम ते वाचून म्हणाल्या, "कशावरनं? विकणाऱ्यानंच छापलंय न्हवं हे?" आणि मग, "चंदगड, फ्रीजर उघड."

आम्ही डेंग्यूच्या वेळच्या त्या जुन्या नळ्या काढल्या. ते रक्त घेतलं तेव्हा हा विषाणू जगात कुणाला माहीतही नव्हता. म्हणजे ह्यातल्या एकाही नळीत रेघ उमटता कामा नये. आम्ही थेंब टाकले आणि वाट बघत बसलो. एका किटवर अस्पष्ट रेघ आली. मग दुसऱ्या एकावर, चांगली ठळक. मग आणखी काहींवर. ठरलेली पाहणी, साहेबांना दिलेली मुदत, सगळं डोळ्यांसमोर आलं. शेजारी बघते तर मॅडम हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अगं, ही माणसं रोग यायच्या आधीच बरी झाली!"

मग त्यांनी उलटी परीक्षा घेतली. रोग नक्की होऊन गेलेल्या आमच्याच कर्मचाऱ्यांचं रक्त त्याच किटवर तपासलं, आणि त्यात स्वतःचंही घातलं. काहींना रेघच आली नाही. न आलेल्यांत मॅडम होत्या.

"मी खाट अडवून पडलोतो आणि हे म्हणतंय मला झालाच न्हाय!" हे त्यांनी दिवसभर भेटेल त्याला सांगितलं, पहिला नंबर आल्याच्या थाटात.

"मग ही किटं फेकून द्यायची का?" मी विचारलं.

"फेकून कशाला? कितपत खोटं बोलतंय ते एकदा कळलं की खोटारड्याकडनंबी काम करून घेता येतंय. जेवढं जास्तीचं बोलतंय तेवढं वजा करायचं, जेवढं दडवतंय तेवढं मिळवायचं. फक्त शेवटी एकच आकडा सांगता येत न्हाय. इतक्यापासनं इतक्यापर्यंत, असं सांगावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात त्यांच्या वहिनींचा फोन आला. मॅडमचे थोरले भाऊ, दादा, राधानगरीच्या अलीकडच्या गावात शेती आणि म्हशी सांभाळून होते. त्यांच्याच हट्टापायी मॅडम शिकल्या होत्या. वडील नको म्हणत असताना दादा त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन वसतिगृहापर्यंत आले होते. त्या दादांनी गावातल्या शिबिरात तपासून घेतलं होतं. ह्याच किटवर. रेघ आली होती. आणि आता भाऊकीतला एक चुलतभाऊ तापानं फणफणला होता, घरातले सगळे लांब पळत होते, आणि दादा तोंडाला काही न बांधता दिवसभर त्याच्या उशाशी बसून होते.

मॅडमनी डबा तसाच झाकला. मी गाडी चालवली. 

दादा अंगणातच भेटले. उंच, आडवा माणूस, पांढऱ्या मिशा. मला बघून म्हणाले, "या पावणं, बसा." मॅडम उभ्याच राहिल्या.

"दादा, मास्क कुठं हाय तुझा?"

"मला कशाला मास्क? मला होऊन गेलाय. कार्ड हाय माझ्याकडं." त्यांनी आत जाऊन देवाच्या फोटोशेजारचं, शिबिरात मिळालेलं कार्ड आणलं. ते चक्क लॅमिनेट केलेलं होतं.

"ताप आलता?"

"न्हाय."

"खोकला? चव गेलती?"

"परवाच तांबडा रस्सा वरपलाय."

"मग कशावरनं म्हणतोस झाला म्हणून?"

"कशावरनं म्हंजे? रेघ आली की!" दादांचा आवाज चढला. कुंपणापलीकडं चार माणसं गोळा झाली. "सगळ्या गावाला पटलंय. तुलाच तेवढं पटंना व्हय, तायडे?"

अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या. मॅडम साडी सावरून तिथंच जमिनीवर बसल्या आणि शेंगा मोजून बाजूला घेतल्या.

"ह्या शंभर शेंगा म्हंजे तुझं गाव."

"आमचं गाव मोठं हाय."

"समज की रं! ह्यातल्या दोघांना खरंच होऊन गेलाय. ह्या दोन इकडं. बाकीच्यास्नी कायबी झालेलं न्हाय. पण हे किट शंभरात चारदा उगीचच व्हय म्हणतंय. म्हणून आणखी चार इकडं. आता रेघ किती जणास्नी आली?"

"सा."

"त्यातले खरे किती?"

कुंपणावरून कुणीतरी ओरडलं, "दोन!" दादांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो खाली वाकला.

"मग मी त्या दोघांतला असंन की."

"असशीलबी. पण चौघांतला असायची शक्यता जास्त हाय. आणि त्या भरवशावर तू आजाऱ्याच्या उशाला बसालायस."

दादा हळूच म्हणाले, "मग कोण बसणार त्याच्याजवळ? तुझ्या शेंगा?"

मॅडम उठल्या, गाडीतला पांढरा झगा आणि मास्क चढवला आणि चुलतभावाच्या घरात शिरल्या. बाहेर आल्या त्या फोन कानाला लावूनच. अँब्युलन्स येईपर्यंत त्या आत त्याच्याजवळ बसून राहिल्या. चुलतभाऊ पुढं बरा होऊन घरी आला. आम्ही निघताना मॅडमनी दादांचा हात धरला आणि प्रयोगशाळेतल्या चांगल्या तपासणीसाठी शिरेतून रक्त काढलं. दादांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

निकाल आल्यावर मॅडमनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला.

"निगेटिव्ह हाय, दादा."

"म्हंजे मला झालाच न्हाय?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तसंबी छातीठोक म्हणता येत न्हाय. होऊन गेला असंल आणि अँटीबॉडी उतरल्या असतील, असंबी होतंय."

"मग तुझ्या तपासणीचा उपयोग काय?"

"एकट्या माणसाचं सांगणं अवघड हाय रं. पण सगळ्या जिल्ह्याचं सांगता येतंय. इतक्यापासनं इतक्यापर्यंत."

"मी जिल्हा न्हवं," दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी बहिणीशी अबोला धरला. पण वहिनींनी कळवलं, की मास्क मात्र लावायला लागलेत. "गप्पच बसायचं तर तोंड झाकून बसतो," म्हणतात. भाऊबीजेला मॅडम गेल्या. दादा पाटावर बसले, मास्क लावून. ओवाळून घेतलं, ताटात ओवाळणी टाकली, उठून गोठ्यात गेले. परत आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "करंज्या चांगल्या झालत्या," आणि दिवसभर खिडकीबाहेर बघत बसल्या.

पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली होती, आणि चिठ्ठीत आलेलं घर बंद असलं तर शेजारचं घेऊन चालत नसे. पुन्हा जायचं. आमच्या चंदगडात डोंगरावरच्या एका वस्तीतली म्हातारी अव्वा सुई बघून काजूच्या बागेत पळाली. मॅडम तिच्या दारात बसून राहिल्या, आणि तिच्या सुनेकडून काजूची उसळ कशी करायची ते शिकल्या. अव्वाच कंटाळून परत आली.

साहेबांसमोर निकाल ठेवला तेव्हा तो शिबिराच्या आकड्यापेक्षा फार खाली होता, आणि शिवाय इतक्यापासून इतक्यापर्यंत. साहेब माणूस सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, एकच आकडा द्या हो. पत्रकारांना एक आकडा लागतो."

"त्यास्नी माझा फोटो द्या. तो एकच हाय."

साहेबांनी जसं दिलं तसंच जाहीर केलं. पेपरवाल्यांनी ते आतल्या पानात, औषधाच्या जाहिरातीखाली छापलं. बऱ्याच लोकांना रोग अजून व्हायचाय, हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. बाजारात मॅडमना निगेटिव्ह बाई म्हणायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. मी सांगितलं होतं, असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणायला वेळही नव्हता, कारण एका सकाळी दादांनाच आमच्या दवाखान्यात आणलं. ह्या वेळी रेघेचा प्रश्नच नव्हता. श्वास लागला होता. मॅडमनी दादांच्या दोन हातांच्या दोन बोटांना ऑक्सिजन मोजायची दोन यंत्रं लावली आणि दोन्ही आळीपाळीनं बघत उभ्या राहिल्या. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, एक पुरे, मॅडम. त्यांनी ऐकलं नाही. खायच्या विसरल्या, बसायच्या विसरल्या. हेल्मेट घालून वॉर्डात आल्या तेव्हा कुणीही हसलं नाही.

एके दिवशी दादांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. अबोला धरल्यापासूनचं ते पहिलं वाक्य. "तायडे, आता तरी मानतीस न्हवं, मला झालाय म्हणून?"

"मानतो," मॅडम म्हणाल्या. "मास्क लाव आधी." आणि खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलत होती. मी उगीचच दुसऱ्या खाटेवरच्या बाईची चौकशी करायला गेले.

दादा बरे होऊन घरी गेले. लाट ओसरल्यावर आम्हाला पुन्हा पाहणी करायला सांगितलं गेलं. आता लशीनंही अँटीबॉडी यायला लागल्या होत्या, त्यामुळं रोगाच्या कोणत्या आणि लशीच्या कोणत्या, हा नवाच घोळ. मॅडम खूश होत्या. चिठ्ठ्यांत दादांचं गाव निघालं. आम्ही गेलो तेव्हा दादा अंगणात खुर्ची टाकून, सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर करून तयारच बसले होते. वहिनींनी सगळ्यांसाठी चहा ठेवला होता.

"घे," दादांनी हात पुढं केला.

मॅडमनी यादी बघितली. "तुझं घर चिठ्ठीत आलं न्हाय, दादा."

"आलं न्हाय तर काय झालं? मला खरंच झालता. तुझ्याच दवाखान्यात पडलोतो मी! माझ्याइतका पक्का माणूस सगळ्या जिल्ह्यात मिळणार न्हाय तुला."

"म्हणूनच नको. तू पक्का हायस म्हणून घेतला, की उद्या दुसरा पक्का येईल, मग तिसरा. मग हे राजारामपुरीचं शिबिरच झालं की."

मला वाटलं, आता पुन्हा अबोला. पण दादांनी बाही खाली केली, बटण लावलं आणि विचारलं, "कुणाचं आलंय?"

मॅडमनी पलीकडच्या गल्लीतल्या एका घराचं नाव सांगितलं. तो मनुष्य सुईला घाबरतो, हे गावाला माहीत होतं. आम्ही निघालो तर दादा आमच्या पुढं. मोठी मोठी पावलं टाकत ते त्या दारापाशी गेले, कडी वाजवली आणि आतल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ए, बाहीर ये, हात दे रं! आमच्या बाईला तुझंच रक्त पायजे. माझं चालत न्हाय तिला."